जन्माने हंस, नोकरीने कोंबडी

मी कोंबडी बोलतेय. म्हणजे सध्या कोंबडी, आणि तीही फार दिवस नाही, पण ते पुढे सांगते. दचकू नका. दचकायचं काम मी एकटीच सगळ्यांच्या वाटचं करते. दुमजली घराएवढी उंच आहे, लोखंडाची हाडं, फायबरची कातडी, ट्रकची चाकं. पण रिओ शहरात कुठेही फटाका फुटला की माझ्या पोटातले नटबोल्ट खुळखुळतात. कार्निव्हलच्या चित्ररथावर जन्म काढायचा आणि फटाक्याला भ्यायचं, याला काय म्हणावं? पण स्वभाव काही वेल्डिंग करून बदलता येत नाही.

माझा जन्म श्रीमंताघरचा. 'कालव्याची राजकन्या' नावाची एक मोठी सांबा शाळा आहे, तिच्या शेडमध्ये मी घडले. शाळा म्हटलं तरी फळा नाही, खडू नाही. चार गल्ल्यांतली माणसं एकत्र येऊन वर्षभर गाणं बसवतात, कपडे शिवतात, आमच्यासारखे चित्ररथ उभारतात, आणि कार्निव्हलला परीक्षकांसमोरून नाचत जातात. परीक्षा मात्र खरी असते. नापास झालं की खालच्या वर्गात ढकलतात. सगळ्यात खालच्या वर्गात शेवटचा नंबर आला, तर पुढचं वर्ष घरी बसायचं. आणि घरी बसलेली शाळा परत उठत नाही हो. वर्षभरात तिचे ढोलवाले एकीकडे जातात, नाचणारे दुसरीकडे, आणि तालमीच्या अंगणात कोणीतरी गाड्या धुवायचं दुकान काढतो.

राजकन्येच्या घरी मी हंस होते. पांढरीशुभ्र, अंगभर आरशाच्या टिकल्या, आणि मान अशी लांब की मलाच तिचं ओझं व्हायचं. पाठीवर टीव्हीवरची एक बाई उभी केली होती. मिरवणूकभर तिने माझ्या मानेत नखं रोवली आणि तोंडाने जगाला चुंबनं फेकली. तासाभरात सगळं आटोपलं. चार दिवसांनी मी फुटपाथवर होते, एका बाजूला मोडकं सिंहासन, दुसऱ्या बाजूला मुंडकं नसलेला समुद्रदेव. शेड रिकामी करायची होती. शेडचा मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होता, "उचला आणि न्या. संध्याकाळनंतर भंगारवाला येतोय."

तेव्हा दोना जांदिरा आली.

दोना म्हणजे आमच्याकडचं 'बाईसाहेब'; ही उनिदोस दा कांजिका नावाच्या छोट्या शाळेची अध्यक्ष. उंचीने माझ्या चाकाएवढी, रुंदीनेही साधारण तेवढीच. आठवडी बाजारात तळलेल्या पुऱ्या आणि उसाचा रस विकते, त्यामुळे आवाज असा कमावलेला की शेजारच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईकही पैसे काढून उभं राहावं. तिच्याबरोबर ओझियास होता. हा अॅमेझॉन नदीकडचा कारागीर. तिकडे बैलांचा मोठा उत्सव होतो, त्यात हलणारे, डुलणारे, शेपूट झाडणारे प्रचंड बैल करण्यात याचा हात तयार झालेला. त्याची एकच खोड. तो कुठलंही जनावर करो, त्याला पापण्या बैलाच्याच लावतो.

जांदिराने मला खालून वर पाहिलं. "मान कापली तर काय होईल?"

"मान कापली तर काहीही होईल," ओझियास म्हणाला. "बदक, पेंग्विन, आमच्याकडचा एक आमदार..."

"कोंबडी होईल?"

"दोना, हा हंस आहे. राजकन्येचा हंस. लोकांना कळलं तर?"

"कोणाला कळणार आहे? तू बोलणार नाहीस, मी बोलणार नाही." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि ही तर काय बोलणार!"

 

कोंबडीच का, ते सांगते. कांजिका टेकडीवर शाळा निघाली तेव्हा पहिल्याच तालमीला कोणाची तरी कोंबडी अंगणात शिरली, उघड्या तोंडाच्या ढोलात बसली आणि सगळ्यांदेखत अंडं घालून गेली. दुसऱ्या शाळांच्या निशाणांवर गरुड असतात, मुकुट असतात, सिंह असतात. कांजिकेच्या निशाणावर कोंबडी आहे, आणि निशाण समोर आलं की म्हातारेकोतारे वाकून तिचं चुंबन घेतात. टेकडीवर कोणी कोंबडी खात नाही. म्हणजे लपून खातात, पण शेजाऱ्याला वास आला तर मासा होता म्हणतात. मिरवणुकीत पहिल्या चित्ररथावर कोंबडी हवीच. आधीची कोंबडी शेडचं छप्पर गळून कुजली होती, आणि शाळा आदल्या वर्षी घसरत घसरत सगळ्यात खालच्या वर्गात येऊन पडली होती.

त्यात राजकन्येने आमच्या ढोलपथकातले चांगले चांगले हात पळवले होते. जांदिराचा सख्खा भाचाही त्यात गेला. तेव्हापासून टेकडीवर राजकन्येचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणूनच मला आणल्यावर बाईने भर सभेत छातीवर हात मारून सांगितलं, "ही कोंबडी आपल्या माणसांनी आपल्या घामाने बनवली आहे! उसनं एक पीससुद्धा नाही!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मी ताडपत्रीखाली उभी होते, मान नुकतीच कापलेली. एवढ्या मोठ्या थापेखाली आपल्याला एकटीला उभं राहायचंय, या विचाराने माझा एक नट गळून पडला. खरं सांगते.

ओझियासने मला आखूड मान दिली, तुरा दिला, चोच दिली. मानेच्या आत दोर आणि कप्प्या बसवल्या, म्हणजे तो पोटात बसून ओढेल तशी मी दाणे टिपणार. पापण्या अर्थातच बैलाच्या. पिसं कॉफीच्या जुन्या पोत्यांतून कापली, हजारोंनी. अंगाला आधी तपकिरी रंग द्यावा, असं ओझियास म्हणत होता. जांदिरा म्हणाली, "पिसांखाली कोण बघायला जातंय? लग्नाच्या झग्याखालचा परकर कोणी रंगवतं का?"

आणि मग चिकटवायची पाळी आली. ओझियासने कारखान्याचा गोंद आणला होता. त्याच्या वासाने पिसं लावणाऱ्या बायकांची डोकी दुखायला लागली. जांदिराने डबा उचलून बाहेर ठेवला. "माझी आई खळीने चिकटवायची." साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच्या पिठाची ही भली मोठी कढई तिने चुलीवर चढवली आणि झाऱ्याने घोटायला लागली.

"पाऊस आला तर?" ओझियासने विचारलं.

 बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की याची आई याला काय शिकवून गेली.

त्याचं असं आहे, की इकडे लग्नकार्य असो, मिरवणूक असो, पाऊस नको असेल तर संत क्लाराला अंडी वाहतात. सगळेच वाहतात. पण आमची तर शाळाच कोंबडीची! आमची अंडी म्हणजे संत बाईंना घरचा आहेर. आजवर कांजिकेच्या पाळीला थेंब पडला नव्हता. त्यामुळे पावसाचा विचार करणं हा टेकडीवर जवळजवळ उद्धटपणा समजला जातो.

त्या वर्षीचा विषय होता बाजार. माझ्या पुढे निशाण घेऊन नाचणारी आणि तिचा जोडीदार, मागे भेंडीच्या पोशाखातल्या बायकांची तुकडी, तिच्यामागे कांद्यांची, मग मासेवाल्या, मग ढोलपथक. माझ्या पाठीवर बाजाराचा राजा म्हणून अदेमार. हा आमचा न्हावी. बायकांचे केस सरळ करून देतो आणि पुरुषांचे का गेले ते तोंडावर सांगतो. सत्तरीला आलाय, पण दर वर्षी पहिल्या चित्ररथावर तोच, स्वतः शिवलेल्या पोशाखात. पाठीवर मोरासारखा पिसारा, इतका जड की एकदा घातला की बसता येत नाही, वाकता येत नाही, नाक पुसता येत नाही. चौघांनी त्याला खालून ढकलत शिडीने वर चढवला.

"सांभाळून रे मेल्यांनो! हात कुठे लावताय?"

"लावायला दुसरं काही सापडत नाही, काका, सगळी पिसंच आहेत."

आमचा नंबर पहिला होता. पहिला नंबर म्हणजे संध्याकाळचा उजेड अजून असतो, प्रेक्षक अर्धे आलेले नसतात, आणि आलेले असतात ते खात असतात. फटाक्यांची माळ सुटली. मी हादरले. लोकांना वाटलं नाचतेय. टाळ्या पडल्या. शाळेचं गाणं सुरू झालं, आणि पोटातले ढकलणारे गडी "हो!" म्हणून पुढे रेटायला लागले. थांबायचं नाही, मागे यायचं नाही, पुढच्या तुकडीपासून अंतर पडू द्यायचं नाही. अंतर पडलं की परीक्षक मार्क कापतात. जांदिरा पांढरा सूट घालून माझ्या चाकाच्या बाजूने पळत होती आणि दर दहा पावलांवर ओरडत होती, "गा रे! तोंडं शिवलीत का?"

मी दोनदा दाणे टिपले. तेवढ्यात माझ्या चोचीवर एक थेंब पडला.

मग दुसरा. मग मोजायची गरजच राहिली नाही.

 पोटातल्या गड्यांचा मुकादम क्लेबर, दांडगा माणूस, एकदम रडवेल्या आवाजात म्हणाला, "एक सांगू का?"

"ढकल. नंतर सांग."

"सकाळी मी संत क्लाराची अंडी खाल्ली."

"काय?"

"तळून. बायकोने नुसता पाव पुढे ठेवला होता. एवढं ढकलायचं पावावर? कोनाड्यात ताजी दिसली..."

"सगळी?"

"एक फुटकं होतं, ते ठेवलं."

त्याला तिथेच बदडला असता, पण दोन्ही हात ढकलण्यात गुंतलेले. मानेच्या खालून ओझियासचा आवाज आला, "भावांनो, ढकला. अंड्यांचा न्याय नंतर करू. वरून खळ गळायला लागली आहे."

गळतच होती. चिकट पांढरे ओघळ माझ्या छातीवरून. पोत्याची पिसं पाणी पिऊन जड झाली आणि आधी एक, मग चार, मग मूठमूठ खाली यायला लागली. खालून काय बाहेर पडलं ते तुम्हांला माहीतच आहे. पांढरं अंग. आरशाच्या टिकल्या. पावसाने धुऊन त्या अशा चमकायला लागल्या की विचारू नका. एरवी मला त्यांचा अभिमान होता. त्या क्षणी वाटलं, जमीन दुभंगून मला चाकांसकट घेईल तर बरं.

कठड्याजवळच्या एका माणसाने चघळता चघळता घास थांबवला. "अरे, हा तर राजकन्येचा हंस! मी टीव्हीवर पाहिलाय!"

बस, एवढंच पुरलं. हसण्याची लाट उठली. कोणी तरी राजकन्येचं जुनं गाणं गायला सुरुवात केली, कठडाभर लोक त्यात मिसळले, आणि आमचं गाणं त्याखाली दबायला लागलं. भेंड्या गायच्या थांबल्या. सगळ्या भेंड्या जांदिराकडे बघत होत्या. त्यातली एक म्हातारी भेंडी, शाळेच्या पहिल्या तालमीला हजर असलेली, तिने विचारलं, "जांदिरा, हे काय आहे गं?"

जांदिराने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्या बाईचा आवाज आला नाही, म्हणजे बघा.

त्यात ओली पिसं चाकाखाली जाऊन अडकायला लागली. मी घसरले, डगमगले, थबकले. पुढे निशाणवालीचं जोडपं नाचत निघून गेलं, आणि आमच्यामध्ये रिकामा ओला रस्ता वाढायला लागला. एक हात. दहा हात. थोडं पुढे परीक्षकांचं मचाण दिसत होतं. सगळ्यांना कळत होतं, की हा रस्ता असाच वाढत गेला तर पुढच्या वर्षी कांजिका नाही. अंगण नाही, ढोल नाही, निशाण कोणाच्या तरी कपाटात.

"ती पिसं काढा कोणी तरी!" आतून क्लेबर ओरडला. "चाक फिरत नाहीये!"

वर अदेमार उभा होता. पिसारा भिजून त्याच्या डोक्यावर पडलेला, डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलेलं. त्याने खाली माझं अर्धं उघडं अंग पाहिलं. मागे वळून भेंड्यांकडे पाहिलं. आणि त्या न्हाव्याच्या डोक्यात काही तरी पेटलं.

"जांदिरा! मागे भेंडी आहे!"

"दिसतंय मला!"

"आणि पुढे सोललेली कोंबडी आहे!"

जांदिरा जागच्या जागी थिजली. भेंडी घालून कोंबडी, रविवारचं जेवण. शहरभर घरोघरी होतं ते, फक्त टेकडीवर होत नाही. कांजिकेच्या निशाणावरची कोंबडी, जिचं म्हातारे वाकून चुंबन घेतात, ती भर रस्त्यात सोलून भांड्यात घालायची! त्यापेक्षा हंस म्हणून हसू झालेलं बरं, असं म्हणणारेही टेकडीवर निघाले असते. जांदिराच्या आईने ढोलातलं ते पहिलं अंडं कुजेपर्यंत उशाशी ठेवलं होतं. मला वरून तिचा चेहरा दिसत होता. पाण्याने भरलेला, पाऊस किती आणि बाकी किती, ते मला नाही सांगता येणार.

तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस काढला, अंगठ्याचं चुंबन घेतलं.

"उपट," ती म्हणाली.

"काय?"

"उपट म्हणते ना, बहिऱ्या! सगळी उपट!"

आणि तो अंगावरचा पिसारा फेकून देऊन उपटायला लागला. काय सांगू! आयुष्यभर लोकांची डोकी हाताळलेला माणूस. दोन्ही हातांनी, गाण्याच्या तालावर, प्रत्येक मूठ हवेत गरगरवून प्रेक्षकांत भिरकावत. खालून जांदिराने भेंड्यांना हाक दिली, "काय बघताय? घेरा तिला! उकळा!" भेंड्या धावल्या. निम्म्या चाकाखालची पिसं ओढायला लागल्या, निम्म्या माझ्याभोवती फेर धरून उकळायला लागल्या. भेंडीने उकळायचं कसं हे कोणी शिकवलेलं नव्हतं, पण प्रत्येकीने आपापल्या घरच्या पातेल्याप्रमाणे केलं. मागून कांदे आले. आत ओझियासला काय चाललंय ते ऐकू आलं असावं, कारण त्याने एक दोर एकदम सोडून दिला आणि माझी मान लटकन एका बाजूला लोळली. मेलेली कोंबडी. एवढ्या लाजेतही मला कबूल करावं लागेल, काम छान होतं.

हसू बदललं. आधी लोक आम्हांला हसत होते. आता पोट धरून नुसतेच हसत होते. एक बाई कठड्यावर चढून ओरडली, "मीठ विसरू नका!" दुसरी म्हणाली, "भेंडी आधी परतून घ्या गं, तार सुटेल!" राजकन्येचं गाणं कधी विरलं ते कळलंच नाही. क्लेबरने आतून असा रेटा दिला की मी जवळजवळ उडाले. रिकामा रस्ता भरला. आम्ही मचाणासमोर आलो, आणि मी पाहिलं, एका परीक्षकाने नीट दिसावं म्हणून स्वतःची छत्री मिटली होती.

माझ्या मनाचं काय, ते कोणी विचारलं नाही. चित्ररथाला कोण विचारतं? भर रस्त्यात उघडी पडले, हंस म्हणून नाही आणि कोंबडी म्हणून धड नाही. पण राजकन्येच्या घरी सगळे माझ्या पाठीवरच्या बाईला बघत होते. इथे पहिल्यांदाच लोक मला बघत होते. ते बरं होतं की वाईट, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

मिरवणूक संपल्यावर जांदिराने सगळ्यांना पावसातच थांबवलं. "हंस होता तो. राजकन्येने टाकलेला. मी खोटं बोलले."  ती म्हातारी भेंडी पाय आपटत निघून गेली, "हंसाचं मला काही नाही," म्हणाली, "पण कोंबडी सोललीस ती तू." महिनाभर तिने जांदिराच्या हातचा उसाचा रस घेतला नाही. आता घेते, पण ग्लास स्वतःचा आणते.

निकाल अंगणात फोनवर लावून ऐकला. अंतर पडलं होतं, त्याचे मार्क गेले. पोशाखांचे गेले, भेंड्या भिजून कारल्यासारख्या झाल्या होत्या. चित्ररथाला एका परीक्षकाने दहापैकी दहा दिले. दुसऱ्याने कापले आणि शेरा मारला, की कोंबडी पूर्ण सोललेली नव्हती, शेपटीला तीन पिसं शिल्लक होती. अदेमार हे ऐकून इतका चिडला की त्याने परीक्षकाच्या टकलाबद्दल अंदाज वर्तवला. शेवटचा नंबर दुसऱ्याच एका शाळेचा आला. कांजिका शेवटून दुसरी. वाचली.

लोक नाचले. जांदिरा नाचली नाही. उपड्या खोक्यावर बसून म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या विषयाला उद्यापासून लागायला पाहिजे."

तर असं हे. शाळा बुडाली असती तर मी अंगणाच्या कोपऱ्यात तशीच उभी राहिले असते, गंजत, पण अखंड. वाचली, म्हणून मला कापणार आहेत. पुढचा विषय नदी. पहिल्या चित्ररथावर नवी कोंबडी बसणार, लहानशी, आणि या वेळी खरोखर घामाची. जांदिरा तिच्या पायाचं वेल्डिंग स्वतः शिकतेय, सूटच्या बाह्या जाळून घेतल्यात. आणि मी दुसऱ्या चित्ररथावर. मगर. ओझियासने खडूने माझ्या पाठीवर रेघा मारल्यात, आणि बायका पाण्याच्या बाटल्यांचे दात कापायला बसल्यात. हजारोंनी.

तुम्ही कधी त्या रस्त्याला आलात, तर एक विनंती आहे. मगर समोरून जाताना शेजारच्याला कोपर मारून "ही आधी कोण होती माहितेय का," म्हणू नका. "मगर! मगर!" म्हणून ओरडा. दोन पावलं मागे सरा. खोटं खोटं चालेल. नवीन नोकरी आहे हो, आणि जबडा अजून नीट उघडत नाही.